थंडीच्या दिवसांतील दाट चॉकलेट

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत निफाडकडील द्राक्षबागांतून पहांटे शेकोट्या पेटतात, पांचगणी-महाबळेश्वराच्या डोंगरांवर धुकें उतरतें, आणि शाळेच्या पहिल्या तासास मुलांचीं बोटें इतकीं आंखडलेलीं असतात कीं, त्यांना लेखणी नीट धरवत नाहीं. अशा वेळीं आमच्या घरांतून आल्याचा चहा, सुंठ घातलेलें दूध, गवती चहाचा काढा यांस मान असतो, व तो यथायोग्यच आहे. परंतु अलीकडे कित्येक वर्षांपासून मुलांच्या तोंडीं आणखी एका ऊन पेयाचें नांव वारंवार ऐकूं येतें. तें म्हणजे चॉकलेट. शहरांतील उपाहारगृहांत त्याच्या एका पेल्यास जी किंमत मोजावी लागते, तेवढ्यांत घरीं दोन-तीन दिवसांचें दूध येईल. आणि एवढें करूनही पुष्कळ ठिकाणीं हातीं पडतें तें साखरेचें तपकिरी पाणी.

गेल्या हिवाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें मला विचारलें, "बाई, आम्ही घरीं चॉकलेट केलें कीं तें पातळच होतें. वर कोकोच्या गुठळ्या तरंगतात आणि तळाशीं गाळ बसतो. असें कां होतें?" मी उत्तर देण्यापूर्वींच तिची शेजारीण म्हणाली, "अग, तूं कोको घातला असशील. चॉकलेट घालायचें असतें!" त्यावर पहिलीनें विचारलें, "पण दोन्ही एकच ना, बाई?"

प्रश्न लहान होता. परंतु त्याचें उत्तर देतां देतां तास संपला, आणि तरीही उत्तर पुरतें झालें नाहीं. जें राहिलें तें येथें लिहीत आहें. मुलींप्रमाणें मुलांनींही तें वाचावें, अशी विनंति आहे. कारण चूल पेटविणें व पातेलें घांसणें हीं दोन्ही कामें वसतिगृहांतील मुलांस आज ना उद्यां करावींच लागतात.

कोको व चॉकलेट हीं एकाच झाडाचीं अपत्यें खरीं. पण तीं एक नव्हेत. हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतील. विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारें वीस वीस अंशांच्या पट्ट्यांतच तें सुखानें वाढतें. त्याला ऊब, भरपूर पाऊस आणि मोठ्या झाडांची सावली लागते. फणसाप्रमाणें त्याचीं फळें फांद्यांच्या टोंकांस न येतां थेट खोडावर व जाड फांद्यांवर धरतात. फळ वीतभर लांबीचें असून पिकल्यावर पिवळें किंवा तांबूस दिसतें. तें फोडलें म्हणजे आंत सीताफळाच्या गरासारखा पांढरा, आंबटगोड गर आणि त्यांत तीस-चाळीस बिया. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं या झाडास 'थिओब्रोमा', म्हणजे देवांचें अन्न, असें नांव दिलें. परंतु ओली बी तशीच चावून पाहणाऱ्यास हें नांव थट्टेचें वाटेल, इतकी ती कडू व तुरट असते.

तिला चव येते ती पुढील खटाटोपानें. बिया गरासकट ढीग करून केळीच्या पानांखालीं किंवा लांकडी पेट्यांत पांच-सहा दिवस आंबूं देतात. ढिगांत उष्णता उत्पन्न होते, बीची उगवण्याची शक्ति नाहींशी होते, आणि पुढें जो वास आपणांस चॉकलेटचा म्हणून ओळखतां येतो त्याचा पाया येथें घातला जातो. मग बिया उन्हांत वाळवितात, भाजतात, टरफलें पाखडून काढतात व दळतात. भुईमुगाचे भाजलेले दाणे दळले असतां जसा तेलकट लगदा होतो, तसाच येथेंही होतो. कारण या बीच्या गाभ्यांत जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांश असतो. हा लगदा गार झाला म्हणजे त्याची वडी जमते. तींत साखर मिसळली कीं झालें चॉकलेट.

आतां कोकोची कथा. १८२८ सालीं हॉलंडांतील व्हॅन हाउटेन घराण्यानें एका दाबयंत्राचें पेटंट मिळविलें. त्या यंत्रांत हा लगदा दाबला म्हणजे त्यांतील बराचसा स्निग्धांश निथळून बाहेर येई. उरलेली कोरडी ढेप कुटून जी पूड होई ती कोको. घाणींतून तेल निघाल्यावर जशी पेंड राहते, तशी ही चॉकलेटची पेंड म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ही पेंड फार सुगंधी व उपयोगी आहे, एवढें तिच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. दुकानांत मिळणाऱ्या कोकोच्या पुडींत साधारणपणें दहापासून पंचवीस टक्क्यांपर्यंतच स्निग्धांश उरलेला असतो.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथेंच सांपडतें. पेयास जो दाटपणा व जिभेवर रेंगाळणारा मऊपणा हवा, तो ज्या स्निग्धांशामुळें येतो तोच तिच्या डब्यांतील पुडींतून काढून टाकलेला होता. तो परत घातल्यावांचून नुसती पूड वाढवीत गेल्यास पेय दाट न होतां केवळ कडू होतें. तेव्हां एक तर चॉकलेटची वडीच दुधांत विरघळवावी, नाहीं तर कोकोच्या जोडीला घरची साय द्यावी. दोन्हींचा मेळ घातला तर सर्वांत उत्तम.

दुसरें अर्धें उत्तर गुठळ्यांचें. पिठलें करतांना डाळीचें पीठ एकदम उकळत्या पाण्यांत टाकलें तर काय होतें, हें प्रत्येक घरीं ठाऊक आहे. पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर क्षणांत शिजून चिकट होतो, आणि त्या कवचामुळें आंत पाणी शिरत नाहीं. गोळी फोडली तर आंत कोरडें पीठ निघतें. कोकोंतही पिठूळ अंश असतो, शिवाय त्यांतील स्निग्धांश पाण्याला दूर लोटतो. म्हणून तो पिठाहूनही हट्टी. यास उपाय पिठल्याचाच: पूड आधीं थोड्या गार द्रवांत कालवून घ्यावी. त्यांत आणखी एक युक्ति अशी कीं, कालवण्यापूर्वीं कोरडी साखर कोकोंत नीट मिसळावी. साखरेचे कण कोकोच्या कणांस एकमेकांपासून दूर ठेवतात, आणि मग द्रव सर्वत्र पोंचतो. मीही पूर्वीं एकदां ही काळजी न घेतां पांच-पंचवीस मुलींसाठीं भलेंमोठें पातेलें चढविलें होतें. शेवटीं तें सर्व पुरणयंत्रांतून गाळावें लागलें, व त्या रात्रीं त्या पेयाहून त्या गाळण्याचीच चर्चा अधिक झाली.

कृति सांगण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे, कारण या पेयाचीं जुनीं उपकरणें आमच्या स्वयंपाकघरांतील उपकरणांशीं इतकीं जुळतात कीं, त्यांवरून कृति आपोआप समजते. मेक्सिको देशांत भाजलेल्या बिया वाटण्यासाठीं तीन पायांचा, मध्यें किंचित् खोलगट असा दगडी पाटा वापरीत, व अजूनही कित्येक खेड्यांतून वापरतात. त्याच्याखालीं निखारे ठेवून तो कोमट करतात, म्हणजे बियांतील स्निग्धांश वितळून वाटण सैल होतें. वरवंटा मात्र आमच्यापेक्षां बारीक व लांब. स्पॅनिश लोक तेथें गेले तेव्हां, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभीं, अझ्टेक लोक हें पेय बहुधा गार, बिनसाखरेचें, मिरची व सुवासिक फुलें घालून पीत. आणि तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत उंचावरून ओतून त्याला फेंस आणीत. फेंस हाच त्या पेयाचा मान होता. पुढें स्पॅनिश अमलांत त्या कामासाठीं लांकडी घुसळणी प्रचारांत आली. तिचें नांव 'मोलिनीयो'. खालीं कांतीव गड्डा, वर लांब दांडा, आणि दोन तळहातांमध्यें धरून ती भराभर फिरवावयाची. आमची ताकाची लहान रवी ज्यानें पाहिली आहे त्याला याहून अधिक वर्णन नको.

त्या काळीं या बियांचा उपयोग नाण्यासारखाही होत असे. त्लाश्काला या प्रांतांतील १५४५ सालचें एक दरपत्रक उपलब्ध आहे. त्यांत एका चांगल्या टर्की पक्षिणीची किंमत शंभर बिया आणि एका मोठ्या टोमॅटोची किंमत एक बी अशी दिली आहे. जेथें नाणें आहे तेथें खोटें नाणेंही असावयाचेंच. टरफलांतील गाभा काढून त्यांत माती भरणारे ठक त्याही बाजारांत होते.

स्पेनमध्यें हें पेय गेलें, त्याला साखर व दालचिनी मिळाली, आणि तें ऊन पिण्याची चाल पडली. दालचिनी ही आपल्या बाजूची. ती सिंहलद्वीपांतून तिकडे जाई. मग ख्रिस्ती धर्ममंडळींत एक मोठा वाद उपस्थित झाला कीं, उपवासाच्या दिवशीं चॉकलेट चालतें किंवा नाहीं? तें पेय म्हणावें कीं अन्न? आंतोनियो दे लेओन पिनेलो या पंडितानें १६३६ सालीं माद्रिद येथें या एकाच प्रश्नावर अख्खें पुस्तक छापलें. आणि ब्रांकाच्चो नांवाच्या कार्डिनलानें १६६४ सालच्या आपल्या ग्रंथांत तें पेयच असल्यामुळें त्यानें उपवास मोडत नाहीं, असा निर्वाळा दिला. हें वाचून ज्यांस हंसूं येईल त्यांनीं एकादशीच्या दिवशीं आपल्या घरांतील ताटाकडे पाहावें. बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आमच्याकडील साबुदाणा होतो तो कंद, हे सर्व त्याच अमेरिकेंतून आलेले पाहुणे. परंतु त्यांस फराळांत मुक्तद्वार आहे, आणि बिचाऱ्या कांद्यास नाहीं. उपवासाचें शास्त्र सर्व देशांत पोटाशीं सल्लामसलत करूनच लिहिलें जातें, असें दिसतें.

चॉकलेट हें खाण्याची वस्तु झालें तें फार उशीरा. ब्रिस्टल येथील फ्राय यांच्या कारखान्यानें १८४७ सालीं खाण्याची वडी बाजारांत आणली. त्यापूर्वींचीं तीनशें वर्षें युरोपांत चॉकलेट म्हणजे मुख्यतः पिण्याचा पदार्थ होता. आजही माद्रिद शहरांत तें इतकें दाट करितात कीं, तळलेल्या पिठाच्या कांड्या त्यांत बुडवून खातात. या कांड्या आमच्या चकलीप्रमाणेंच चांदणीच्या आकाराच्या छिद्रांतून दाबून पाडतात. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या इटलींतील तुरिन शहरांत थंडी कडक. तेथें 'बिचेरिन' नांवाचें पेय लहानशा कांचेच्या पेल्यांत देतात: खालीं दाट चॉकलेट, त्यावर कॉफी, व सर्वांवर साय. तेथील ज्या उपाहारगृहाशीं या पेयाचें नांव जोडलेलें आहे, तें १७६३ सालीं निघालें आणि अजून चालू आहे. आपण जी कृति पाहणार आहों ती या दक्षिण युरोपी धर्तीचीच आहे.

चार लहान पेल्यांस अर्धा लिटर दूध घ्यावें. म्हशीचें दूध असल्यास फारच चांगलें, कारण त्यांत गाईच्या दुधाहून स्निग्धांश पुष्कळ अधिक असतो. ऐंशी ग्रॅम गडद चॉकलेट सुरीनें अगदीं बारीक चिरून ठेवावें. वेष्टनावर कोकोचें प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास लिहिलेलें असेल तर तें या कामास योग्य. याखेरीज एक मोठा चमचा कोको, दोन मोठे चमचे साखर, दोन लहान चमचे कॉर्नफ्लॉवर, चिमूटभर मीठ, आणि बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा. मिठाविषयीं पुष्कळांस शंका येते. परंतु ज्या कारणासाठीं आपण पुरणांत किंवा खिरींत कणभर मीठ टाकतों, त्याच कारणासाठीं तें येथें टाकावयाचें आहे. त्यानें कडवटपणा दबतो व गोडी उठून दिसते.

एका वाटींत कोको, साखर, कॉर्नफ्लॉवर व मीठ कोरडेंच चांगलें मिसळावें. मग त्यांत पांच-सहा चमचे गार दूध थोडें थोडें घालीत, चमच्यानें वाटीच्या कडेशीं रगडून, गंधासारखें गुळगुळीत कालवावें. गार दूधच कां, तर कॉर्नफ्लॉवरचे कण ऊन द्रवांत लगेच फुगून एकमेकांस चिकटतात. बाकीचें दूध जाड बुडाच्या पातेल्यांत दालचिनीसह मंद आंचेवर ठेवावें. कडेला बारीक बुडबुडे येऊं लागले म्हणजे एक पळी ऊन दूध वाटींतील कालवणांत ओतून ढवळावें, आणि मग वाटी पातेल्यांत रिकामी करावी. आतां मात्र पातेल्यापासून हलूं नये. तळ खरवडीत सारखें ढवळत राहावें. दोन-तीन मिनिटांत दुधाचें रूप पालटतें. चमच्याच्या पाठीला लेप बसूं लागतो. तें एकदां हलकें उकळूं द्यावें, म्हणजे कॉर्नफ्लॉवरचा कच्चा वास जातो.

यानंतर पातेलें खालीं उतरावें, दालचिनी काढून टाकावी, आणि मिनिटभर थांबून चिरलेलें चॉकलेट त्यांत सोडावें. पातेलें चुलीवर असतांना तें घालूं नये, हें अगदीं मुद्दाम सांगतें. चॉकलेटमधील स्निग्धांश सुमारें चौतीस अंश सेंटिग्रेडवरच, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेहून थोड्या कमी उष्णतेवर, वितळतो. म्हणून तर वडी तोंडांत विरते व हातांत धरवत नाहीं. त्याला उकळत्या दुधाची गरजच नाहीं. उलट, आंचेवर असतांना न विरघळलेला तुकडा तळाशीं जातो, करपतो, आणि करपल्याचा वास एकदां लागला कीं वेलदोडा, जायफळ, केशर यांपैकीं कशानेंही तो झांकत नाहीं.

चॉकलेट विरघळलें म्हणजे रवी हातीं घ्यावी. धुऊन कोरडी केलेली, ताकाचा वास नसलेली रवी हवी. पातेलें किंचित् तिरपें धरून दोन मिनिटें घुसळावें. हें केवळ शोभेसाठीं नव्हे. घुसळण्यानें स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब होऊन दुधांत सर्वत्र पसरतात, आणि दुधांतील प्रथिनें त्या थेंबांभोंवतीं बसून त्यांस पुन्हां एकत्र येऊं देत नाहींत. त्यामुळें वर तुपाचा तवंग येत नाहीं. शिवाय फेंसामुळें पृष्ठभागावर साय धरण्यास वेळ लागतो. ज्या मुलांना दुधावरील साय ओठाला लागलेली खपत नाहीं, त्यांच्या माता या एका गोष्टीसाठीं तरी रवीचे आभार मानतील.

ज्या घरीं महाग चॉकलेट आणणें परवडत नाहीं, त्यांनीं हताश होऊं नये. चॉकलेट वगळून कोको तीन मोठे चमचे करावा, साखर एक चमचा वाढवावी, आणि शेवटीं दोन मोठे चमचे ताजी साय वाटींत चांगली घोटून घालावी. यंत्रानें काढून घेतलेला स्निग्धांश आपण येथें म्हशीकडून परत घेतों, एवढाच फरक. चव थोडी निराळी लागते, पण निकृष्ट लागत नाहीं. माझ्या मतें तर थंडींत हीच अधिक रुचते. कॉर्नफ्लॉवरच्या ऐवजीं तांदळाची बारीक पिठी चालते, मात्र ती अधिक वेळ शिजवावी. आरारूट दुधांत ओशट व ताणल्यासारखें होतें, म्हणून टाळावें.

बाजारांत जातांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, आपल्याकडे चॉकलेटच्या नांवानें ज्या मोठ्या स्वस्त विटा मिळतात, त्यांपैकीं कित्येकांवर बारीक अक्षरांत 'कंपाउंड' असें लिहिलेलें असतें. त्यांत कोकोच्या मूळ स्निग्धांशाऐवजीं दुसरीं वनस्पतिजन्य तेलें गोठवून घातलेलीं असतात. दुधांत तीं विरघळतात, पण टाळूला मेणासारखीं चिकटतात. दुसरी गोष्ट डब्यांतील तयार पुडींची. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणें वेष्टनावर घटकांचीं नांवें वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावीं लागतात. जें सर्वांत अधिक तें पहिलें. चॉकलेटच्या पेयाची म्हणून विकली जाणारी पूड हातीं घेऊन ती यादी वाचावी. पहिलें नांव साखरेचें असेल, तर आपण चॉकलेटच्या भावानें साखर विकत घेत आहों, हें निश्चित समजावें. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानें विक्रेत्या संकेतस्थळांस अशीं पेयें 'आरोग्यपेय' या सदरांतून काढण्याची सूचना केली, कारण आपल्या अन्नसुरक्षेच्या कायद्यांत 'आरोग्यपेय' नांवाची वस्तूच नाहीं. मुलें वाचावयास शिकलीं आहेत. घरांतील असे डबे त्यांजकडूनच मोठ्यानें वाचवून घ्यावे.

हें पेय अंगांत ऊब आणतें म्हणजे नेमकें काय करतें, याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस करतां येण्याजोगा आहे. साठ अंशांचा दीडशें ग्रॅम द्रव आपल्या सदतीस अंशांच्या शरीरांत जातो, म्हणजे तो सुमारें साडेतीन किलोकॅलरी उष्णता देतो. उलट पेल्यांतील दूध, साखर व चॉकलेट पचून जी शक्ति मिळते ती सव्वादोनशें ते अडीचशें किलोकॅलरी भरते. पेला हातांत धरल्यावर वाटणारी ऊब ती खरी ऊब नव्हे; खरी मागाहून येते. आणि म्हणूनच हें पेय जेवणावर वरून घेण्याचें नव्हे. रविवारीं सायंकाळीं खेळून आल्यावर एक लहान पेला पुरे. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. घरीं कुत्रा असल्यास त्याला मात्र एक थेंबही देऊं नये. कोकोंतील थिओब्रोमीन हें द्रव्य कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें व त्यास विषासारखें बाधतें.

वर्गांत मी येथवर आलें होतें, तोंच मागील बांकावरील एका मुलानें विचारलें, "बाई, हीं फळें झाडावरून काढतो कोण?" प्रामाणिकपणें सांगावयाचें तर हा प्रश्न मीं टाळणारच होतें, कारण त्याचें उत्तर गोड नाहीं.

जगांतील कोकोचा सुमारें निम्मा किंवा त्याहून अधिक भाग पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठांतील एका संशोधन संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, २०१८-१९ च्या हंगामांत या दोन देशांतील कोकोच्या मळ्यांवर सुमारें १५,६०,००० मुलें बालमजुरीच्या सदरांत मोडणारीं कामें करीत होतीं. त्यांतील बहुतेक आपल्याच घरच्या किंवा नात्याच्या शेतांत राबणारीं. पण कोयत्यानें फळें फोडणें, अंगापेक्षां जड ओझीं वाहणें, विषारी औषधें फवारणें हीं कामें घरचीं असलीं म्हणून निर्धोक होत नाहींत. बड्या कंपन्यांनीं २००१ सालींच एका करारावर सह्या करून अत्यंत वाईट प्रकारची बालमजुरी नाहींशी करण्याचें वचन दिलें होतें; मुदत लोटली, पुन्हां वाढविली गेली, पुन्हां लोटली. मूळ कारण दारिद्र्य हें होय. २०२४ सालीं कोकोचा भाव टनामागें १०,००० डॉलरांच्या वर गेला; परंतु त्या देशांत शेतकऱ्यास द्यावयाचा भाव हंगामाच्या आरंभींच ठरविला जात असल्यामुळें त्या तेजींतील थोडेंच त्याच्या पदरीं पडलें.

हा प्रश्न नवा नाहीं. इंग्लंडांतील फ्राय, कॅडबरी व राउंट्री हीं तिन्ही घराणीं क्वेकर पंथाचीं. दारूच्या ऐवजीं लोकांनीं कोको प्यावा, हा त्यांच्या व्यवसायामागील एक सद्धेतु होता. तरी त्यांच्या कोकोचा मोठा भाग ज्या साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरून येई, तेथें अंगोलांतून आणलेले मजूर नांवाला करारबद्ध व प्रत्यक्षांत गुलाम होते. विल्यम कॅडबरी यांच्या कानीं ही गोष्ट १९०१ सालीं आली. तिन्ही घराण्यांनीं त्या बेटाचा कोको घेणें बंद केलें तें १९०९ सालीं. मधल्या काळांत पत्रव्यवहार झाले, चौकशा झाल्या, आणि खरेदी चालूच राहिली. एका वृत्तपत्रानें त्यांस दांभिक म्हटलें, म्हणून कॅडबरी मंडळींनीं त्याच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली. त्या खटल्यांत त्यांचा जय झाला. ज्यूरीनें त्यांस नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी.

ही हकीकत सांगण्याचा हेतु कोणाच्या हातांतील पेला काढून घ्यावा असा नाहीं. कोको घेणें सर्वांनीं एकाएकीं सोडल्यास त्या शेतकऱ्याच्या घरची चूल आणखीच मंदावेल. परंतु जिन्नस कोठून आला हें विचारण्याचा अधिकार पैसे देणाऱ्यास आहे, आणि तो वापरावा. आपल्याच देशांत ईस्ट इंडिया कंपनीनें १७९८ सालीं तिरुनेलवेलीकडील कुर्ताळम् येथें हें झाड लावविलें होतें. आज आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक व तमिळनाडु या राज्यांत नारळ-सुपारीच्या सावलींत त्याची लागवड होते. तेथील बियांपासून केलेलीं, व बिया कोणत्या भागांतील हें वेष्टनावर छापलेलीं चॉकलेटें अलीकडे मिळूं लागलीं आहेत. तीं थोडीं महाग पडतात. परंतु वर दिलेल्या कृतींत एका माणसास वीसच ग्रॅम लागतात, तेव्हां चांगलें घ्यावें आणि कमी वेळां करावें, हें मला बरें वाटतें.

पेय उरलें, तर तें झांकून थंड जागीं ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तें खिरीसारखें घट्ट होतें. थोडें दूध घालून मंद आंचेवर पुन्हां सैल करावें, किंवा तसेंच चमच्यानें खावें. पातेल्यांत मात्र लगेच पाणी घालून ठेवावें, नाहीं तर तळाशीं वाळलेला थर निघतां निघत नाहीं.

त्या मुलीनें पुढच्या सोमवारीं येऊन सांगितलें कीं, गुठळी एकही झाली नाहीं, मात्र आजीनें शेवटीं दालचिनी काढून टाकून त्यांत जायफळ उगाळलें, आणि "आतां कसें प्यावंसं वाटतें!" असें म्हणाली. मीं तें घरीं करून पाहिलें. तिच्या आजीचेंच म्हणणें बरोबर आहे.